कुत्रा भुंकला, यंत्र काय म्हणाले?

मे २०२५ मध्ये चीनमधील बायडू या बड्या तंत्रज्ञान कंपनीच्या एका पेटंट अर्जाची बातमी जगभर झळकली. प्राण्याचा आवाज, हालचाली आणि शरीरातले बदल एकत्र टिपायचे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्यातून त्याच्या मनाची अवस्था ओळखायची आणि ती माणसाच्या भाषेत सांगायची, अशी ती कल्पना. त्याच्या महिनाभर आधी गूगलने डॉल्फिनच्या आवाजांवर शिकवलेले ‘डॉल्फिनजेमा’ हे प्रारूप जाहीर केले होते. आणि त्याच मे महिन्यात प्राण्यांशी संवादाच्या संशोधनासाठी ठेवलेला एक लाख डॉलरचा ‘कोलर-डूलिटल’ पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला. प्राण्याशी खरोखर दुतर्फी संवाद करून दाखवणाऱ्यासाठी याहून कितीतरी मोठे बक्षीस राखून ठेवले आहे. एवढ्या बातम्या लागोपाठ आल्यावर ‘आता तुमची मांजर मराठीत बोलणार’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले तर नवल नाही.

आपल्याकडे हा दावा जुना आहे. पहाटे दारात येणारा पिंगळा आठवतो का? त्याच नावाच्या छोट्या घुबडाची भाषा आपल्याला कळते, असे सांगून तो घरादाराचे भविष्य वर्तवायचा आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचा. त्याचे किती अंदाज खरे ठरले, हे कुणी मोजले नाही. यंत्राला मात्र हा प्रश्न विचारता येतो, विचारलाच पाहिजे. रुग्णालयात एखादी नवी तपासणी आली की आम्ही डॉक्टर दोन गोष्टी आधी पाहतो: ती नक्की काय मोजते, आणि किती वेळा चुकते. प्राण्यांची भाषा ‘उलगडणाऱ्या’ यंत्रांना हेच दोन प्रश्न लावून पाहू.

सर्वांत गाजलेले काम स्पर्म व्हेलवरचे आहे. ज्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या आपल्या किनाऱ्यावरून अधूनमधून येतात, तोच हा देवमासा. (ती उलटी म्हणजे खरे तर त्याच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, पण ते असो.) कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका या छोट्या बेटाजवळ शेन गेरो हे जीवशास्त्रज्ञ २००५ पासून या व्हेलच्या कुटुंबांचा मागोवा घेत आहेत. आजी, आई, मावश्या आणि पिल्ले अशी ही कुटुंबे. खोल समुद्रातली शिकार आटोपून वर आले की हे प्राणी एकमेकांच्या जवळ राहून टक्-टक् अशा आवाजांच्या छोट्या लडी सोडतात. अशा एका लडीला ‘कोडा’ म्हणतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी’ प्रकल्पात एमआयटीच्या संगणकतज्ज्ञ प्रत्युषा शर्मा आणि सहकाऱ्यांनी असे ८,७१९ कोडा तपासले. निष्कर्ष मे २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांना काय दिसले, हे तबला ऐकलेल्या माणसाला चटकन कळेल. प्रत्येक कोड्याला एक ठेका असतो. असे १८ ठेके सापडले. तोच ठेका विलंबित किंवा द्रुत लयीत वाजावा, तशा पाच लयी सापडल्या. शिवाय एक व्हेल लय किंचित ताणते किंवा आखडते तेव्हा दुसरी तिला तशीच साथ देते. आणि कधी कधी लडीच्या शेवटी एक टक् जास्तीची येते, जणू एखादी हरकत. पूर्वी या कळपाच्या कोड्यांचे २१ प्रकार मानले जात. या चार गोष्टींच्या जोडण्या धरल्या तर त्यांची संख्या कितीतरी वाढते. संशोधकांनी याला ‘ध्वनी-मुळाक्षरे’ म्हटले आणि वर्तमानपत्रांनी ‘व्हेलची भाषा सापडली’ असे मथळे दिले. बाराखडी मिळाली असे म्हणू या. पण या बाराखडीतल्या एकाही शब्दाचा अर्थ अजून हाती आलेला नाही. कोणता ठेका ‘चला’ म्हणतो आणि कोणता ‘थांबा’, किंवा असे काही ते म्हणतात तरी का, हे या तपासणीने मोजलेलेच नाही.

चॅटजीपीटीसारख्या यंत्राला मराठी येते, मग व्हेलची भाषा का येऊ नये, असा प्रश्न मला एका निवासी डॉक्टरने विचारला होता. प्रश्न चांगला आहे. ती यंत्रे कित्येक लाख कोटी शब्दांवर शिकतात. एका शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढे अचूक सांगता आले की वाक्य तयार होते. आणि त्या वाक्याला अर्थ आहे की नाही, हे वाचणारे आपण ठरवतो. ८,७१९ कोडा म्हणजे या दैनिकाच्या दोन-चार पानांत मावतील एवढे शब्द. शिवाय यंत्राने उद्या हुबेहूब व्हेलसारखा कोडा तयार केला, तरी तो वाचून ‘बरोबर’ म्हणणारा माणूस आपल्यात नाही. डॉल्फिनजेमाही असेच चालते: एका आवाजानंतर पुढचा आवाज कोणता असेल, याचा अंदाज. बहामा बेटांजवळ १९८५ पासून डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या गटाने जमवलेली ध्वनिमुद्रणे त्याच्या पोटात आहेत. आवाजांची नोंद चाळायला, सारखे सारखे वेगळे काढायला हे उत्तम साधन आहे. महिनोन्महिने कानाला हेडफोन लावून बसण्याचे काम ते काही तासांत करते. त्याला दुभाषा म्हणणे मात्र घाईचे आहे.

आवाजाला अर्थ कसा येतो, हे वैद्यकाला दोनशे वर्षांपूर्वी कळले. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. पण नळीतून आवाज ऐकू येणे, ही त्या शोधाची निम्मीच बाजू. लेनेक जिवंत रुग्णाच्या छातीत ऐकलेले आवाज टिपून ठेवत आणि तो रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस उघडून पाहत. हा आवाज ऐकला, आत पू होता. तो आवाज ऐकला, आत पाणी होते. शेकडो वेळा अशी जोडी लागल्यावर आवाजाला अर्थ आला. आज हृदयाच्या ‘लब्-डब्’ला जोडून तिसरा ठोका ऐकू आला की आम्ही हृदय दमल्याची शंका घेतो. तेवढा एक ठोका नुसता कानाने ओळखून ते कळले नसते.

प्राण्यांच्या आवाजाबाबतही खरे शोध याच रस्त्याने लागले आहेत. १९८० मध्ये रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी केनियातील अंबोसेली येथे व्हर्व्हेट माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बिबळ्या, गरुड आणि साप या तीन शत्रूंसाठी ही माकडे तीन वेगळे इशारे देतात. संशोधकांनी ते टेप केले आणि आसपास कोणताही शत्रू नसताना लपवलेल्या ध्वनिक्षेपकातून ऐकवले. बिबळ्याचा इशारा ऐकून माकडे झाडावर पळाली, गरुडाचा ऐकून त्यांनी आकाशाकडे पाहिले, सापाचा ऐकून खाली गवतात. शत्रू नसतानाही वागणूक बदलली, म्हणजे माहिती आवाजातच होती. साधा टेपरेकॉर्डर आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर हे झाले. आपल्या ताडोब्यातला वाटाड्याही वानराचा ‘खॉक्’ ऐकला की गाडी थांबवतो. पण तो नुसते ऐकत नाही, वानर कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहे तेही पाहतो.

त्याच अंबोसेलीतल्या हत्तींवर, आणि केनियातल्याच सांबुरूच्या हत्तींवर, जून २०२४ मध्ये मायकेल पार्डो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. हत्ती एकमेकांना नावाने हाक मारतात का, हा त्यांचा प्रश्न. हत्तीची खर्जातली गुरगुर बरीचशी आपल्या कानांच्या कक्षेबाहेरची असते. हवेत नुसती थरथर जाणवते. १९८६ ते २०२२ या काळात टिपलेल्या अशा ४६९ हाका त्यांनी यंत्राला दिल्या. हाक मारणारे १०१ हत्ती होते, ज्यांना उद्देशून मारली ते ११७. हाकेवरून ती कुणाला मारली आहे, हे यंत्राने २७.५ टक्के वेळा बरोबर सांगितले. तुलनेसाठी यंत्राला निरर्थक माहिती दिली, तेव्हा हे प्रमाण ८ टक्के होते.

हा आकडा कसा वाचायचा? शंभरातल्या ७२ हाकांचा धनी यंत्राला सांगता आला नाही, म्हणून तो टाकाऊ नाही. आठ आणि साडेसत्तावीस यांत जे अंतर आहे ते योगायोगाने पडणारे नाही. हाकेत ऐकणाऱ्याची काही खूण आहे, एवढे त्यातून ठामपणे दिसते. एखादे औषध अजिबात गुण न देणाऱ्या गोळीपेक्षा सरस ठरावे, तसे हे आहे. पण तेवढ्यावर ते औषध माझ्या समोरच्या रुग्णाला लागू पडेलच, असे मी म्हणू शकत नाही. तसेच या यंत्राच्या भरवशावर कुणी जंगलात जाऊन हत्तिणीला नावाने हाक मारू शकत नाही. संशोधकांनी शेवटी व्हर्व्हेट माकडांचीच युक्ती वापरली. १७ हत्तींना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. मूळ हाक आपल्यासाठी असली की हत्ती ध्वनिक्षेपकाकडे लवकर आले आणि लवकर उत्तर देऊ लागले. दुसऱ्यासाठी असली की तितके नाही. या निबंधाचे खरे वजन मला या १७ हत्तींत वाटते.

आणखी एक गोष्ट बातम्यांत आली नाही. कोणती हाक कुणी कुणाला मारली, हे यंत्राला आधी माणसाने सांगावे लागले. अंबोसेलीत सिंथिया मॉस आणि सहकारी १९७२ पासून एकेक हत्ती कानाच्या कडांवरून ओळखून त्याच्या जन्म-मृत्यूची, नात्यांची वही ठेवत आले आहेत. पहिला डूलिटल पुरस्कारही फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरातील डॉल्फिनवरच्या कामाला मिळाला, आणि तेथील कळपाचा अभ्यास १९७० पासून चालू आहे. पन्नास वर्षांचे केसपेपर नीट ठेवलेले असले, तरच यंत्र त्यातून काही काढू शकते. ज्यांनी सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एखादा जुना कागद शोधला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यंत्र बरोबर उत्तर देते, पण चुकीच्या कारणाने, हा धोका तर फारच जवळचा. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा गाजत होता. बेरीज-वजाबाकी विचारली की टापा आपटून अचूक उत्तर द्यायचा. मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंग्स्ट यांनी तपास केला आणि १९०७ मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स नापास. योग्य टाप पडताच विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा, मानेचा ताण नकळत सैल होई आणि घोडा तेथे थांबे. गणित त्याला येत नव्हते; माणूस वाचता येत होता, आणि तेही काही कमी नाही.

आमच्या क्षेत्रात असाच हान्स २०१८ मध्ये सापडला. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारे एक प्रारूप अमेरिकेत तपासले गेले. एका रुग्णालयात ते छान चालायचे, दुसऱ्या ठिकाणी गडबडायचे. शोध घेतल्यावर दिसले, की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे ते फिल्मच्या कोपऱ्यातल्या खुणांसारख्या गोष्टींवरून ओळखत होते. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या फिल्मला न्यूमोनिया म्हणायचे, हा सोपा मार्ग त्याला सापडला होता. प्राण्यांच्या आवाजात असे सोपे मार्ग पावलोपावली आहेत. रागाचे भुंकणे सगळे रस्त्यावर टिपले आणि खेळातले घरात, तर यंत्र कुत्र्याऐवजी मागच्या रिक्षांचा आवाज शिकेल.

जनावराची गोष्ट राहू द्या, माणसाच्या बाळाचे काय? ते का रडते हे सांगणारी अॅप्स बाजारात आहेत: भूक, झोप, पोटदुखी. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी २४ बाळांची त्यांच्या घरी ध्वनिमुद्रणे करून ३९ हजारांहून अधिक रडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रडण्यावरून ते कोणते बाळ आहे, हे यंत्राला ओळखता आले. ते का रडते आहे, हे यंत्रालाही सांगता आले नाही आणि ऐकणाऱ्या माणसांनाही नाही. म्हणजे आपल्याच जातीच्या, आपल्याच घरातल्या जिवाच्या आवाजात ‘मला भूक लागली आहे’ असे वाक्य दडलेले नसते. असते ती निकड: मी बरा नाही, कुणीतरी या.

मग बालरोग विभागात आम्ही काय करतो? बाळ उघडे करून पाहतो. ताप, कान, पोट, जांघेतला हर्निया. कधी पायाच्या बोटाभोवती आईचा लांब केस आवळून बसलेला असतो; तो कापला की पाच मिनिटांत बाळ शांत. रडण्याचा सूर उपयोगी पडतो, नाही असे नाही. मेंदूज्वरात रडणे तीक्ष्ण, किंचाळल्यासारखे होते. थायरॉइड कमी असलेल्या बाळाचे घोगरे असते. एका जनुकीय आजारात तर ते मांजरीच्या पिल्लासारखे येते आणि त्या आजाराला नावही तेच पडले आहे. पण हे लक्षण झाले, भाषांतर नव्हे.

लक्षण म्हणून पाहिले तर प्राण्यांच्या आवाजावरचे यंत्र खरोखर कामाचे आहे, आणि माझ्या मते पैसा तिकडे वळायला हवा. २०२२ मध्ये युरोपातील संशोधकांनी ४११ डुकरांचे ७,४१४ आवाज तपासले. जनावर बऱ्या स्थितीत आहे की त्रासात, एवढाच प्रश्न होता, आणि यंत्राने ९२ टक्के वेळा बरोबर उत्तर दिले. प्रश्न छोटा ठेवला की उत्तर पक्के येते. उंदीर, मांजर, मेंढी यांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायच्या श्रेणीही आज पशुवैद्यकांकडे आहेत. डोळे किती मिटले, कान कुठे वळले, नाकाभोवती ताण आहे का, यांना गुण द्यायचे. गोठ्यात रात्रभर कान लावून बसणारे आणि ‘तिसरी गाय कण्हते आहे’ एवढेच सांगणारे यंत्र शेतकऱ्याला मिळाले, तर त्याने मराठीत वाक्ये बोलावीत अशी अपेक्षा तो करणार नाही. पक्षी ओळखणारी अॅप्स आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक वापरतातच. ‘हा तांबट आहे’ एवढे ते सांगते. तांबट काय म्हणतो याच्या भानगडीत पडत नाही, म्हणूनच ते भरवशाचे आहे.

आता घरातला कुत्रा. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००८ मध्ये मुडी जातीच्या १४ कुत्र्यांच्या सहा हजारांहून अधिक भुंकण्यांवर यंत्र चालवले. कोणत्या प्रसंगी भुंकला, हे ४३ टक्के वेळा बरोबर आले. २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटाने मेक्सिकोतील सहकाऱ्यांसह नवी युक्ती केली: माणसाच्या बोलण्यावर आधीच शिकलेले प्रारूप घेऊन ते ७४ कुत्र्यांच्या आवाजांवर वापरले. अचूकता ७० टक्क्यांपर्यंत गेली. प्रगती मोठी आहे. पण हे आधी निवडलेल्या, वर्गवारी केलेल्या तुकड्यांवरचे आकडे आहेत.

आणि समजा, उद्या ९० टक्के अचूक यंत्र आले. तुमच्या कुत्र्याच्या शंभर आवाजांत खरे धोक्याचे पाच आहेत असे धरा. त्यातले चार-पाच यंत्र पकडेल. उरलेल्या ९५ पैकी नऊ-दहांना ते उगाच धोक्याचे म्हणेल. म्हणजे यंत्राने १४ वेळा घंटा वाजवली तर त्यातल्या नऊ-दहा वेळा ती खोटी. आठवडाभरात घरातले सगळे त्या घंटेकडे दुर्लक्ष करू लागतील. आयसीयूतल्या मॉनिटरच्या सततच्या पीप-पीपचे आम्हा लोकांना असेच होते. घंटा न वाजवता चुकणारे यंत्र त्याहून वाईट. ‘मला तुझ्याशी खेळायचे आहे’ असे ते कुत्र्याच्या वतीने सांगणार, आणि ते ऐकून पाच वर्षांचे मूल त्याच्या गळ्यात हात टाकणार.

ही काल्पनिक भीती नाही. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला कुत्रा चावलेल्यांची रांग रोजची. ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, त्याच्या कितीतरी आधीपासून ती रांग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. आणि संशयित पिसाळलेल्या प्राण्याच्या चाव्यांत सुमारे ४० टक्के जखमी १५ वर्षांखालची मुले असतात. ‘काही केले नव्हते हो, अचानक चावला,’ असे पालक सांगतात. खोदून विचारले तर कळते की मूल कुत्र्याच्या ताटाशी गेले होते, किंवा झोपेत त्याच्यावर पडले होते, आणि कुत्र्याने आधी कितीतरी सांगून पाहिले होते. अंग ताठ करणे, तोंड वळवणे, ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, मग गुरगुर. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हेही नेहमी खरे नसते. ताठ शेपूट आखूड हलत असेल तर ती सूचना असते. कुत्र्याचे बरेचसे बोलणे असे शरीरातून येते. नुसता आवाज ऐकणाऱ्या मोबाइलला ते दिसतच नाही.

रेबीजच्या बाबतीत तर यंत्राचा भरवसा जिवावर बेतू शकतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा आवाज घशाचे स्नायू लुळे पडल्याने घोगरा होतो, हे खरे. त्यावरून कुणी उद्या अॅप काढेलही. पण आवाज बदलण्याच्या काही दिवस आधीच विषाणू लाळेत आलेला असतो. म्हणजे यंत्राने ‘आनंदी’ म्हटलेला कुत्राही रेबीज देऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी आणि जखमेतून रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. कुत्रा ओळखीचा होता, हे लस न घेण्याचे कारण नाही.

इथवर आपण ऐकण्याबद्दल बोललो. बोलण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण यंत्राला अर्थ कळत नसला तरी आवाज हुबेहूब काढता येतो. मोबाइलवर साद वाजवून पक्षी फांदीवर आणायचा आणि फोटो काढायचा, हा प्रकार आपल्या जंगलांत आत्ताच चालतो. विणीच्या दिवसांत घरटे सोडून आलेला पक्षी त्याची किंमत मोजतो. हंपबॅक व्हेलच्या बाबतीत तर पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नरांनी १९९६ ते १९९८ या दोन वर्षांत आपले जुने गाणे टाकून देऊन पश्चिम किनाऱ्यावरचे गाणे उचलले. पश्चिमेकडून थोडेसेच नर भरकटत आले असावेत, असा संशोधकांचा कयास. मूठभर पाहुण्यांच्या गाण्याने आख्खा कळप बदलत असेल, तर अर्थ न कळता ध्वनिक्षेपकातून सोडलेल्या यंत्राच्या गाण्याने काय होईल? माणसावर नवे औषध वापरण्याआधी नीतिसमितीची परवानगी लागते. समुद्रात ध्वनिक्षेपक सोडणाऱ्यालाही तशीच लागली पाहिजे. शिवाय हत्तीला हाक मारता आली तर ती फक्त संशोधकच मारणार आहेत, असे कुणी समजू नये. हस्तिदंताच्या मागावर असलेल्यांनाही कान आहेत.

डॉमिनिकाच्या सरकारने मात्र एकाही कोड्याचे भाषांतर होण्याची वाट पाहिली नाही. व्हेलची कुटुंबे कोणत्या पाण्यात राहतात, पिल्ले कुठे पाजतात आणि जहाजांच्या धडकेने त्यांचे काय होते, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून माहीत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा सुमारे ७८८ चौरस किलोमीटर समुद्र स्पर्म व्हेलसाठी राखीव ठेवल्याचे त्या सरकारने जाहीर केले. मोठ्या मासेमारी नौकांना तिथे बंदी, मोठ्या जहाजांना जायला ठरवून दिलेला एकच मार्ग, आणि गावातल्या कोळ्यांना त्यांची रोजची मासेमारी चालू ठेवायला मुभा.